बटाट्यांच्या वेळेचं व्याख्यान

सकाळपासून वारं सुटलं होतं. हॉलंडमधल्या ग्रोनिंगनचं वारं म्हणजे भांडखोर शेजारीण. सायकलवरच्या माणसाला ढकलून ढकलून परत घरी घालवतं. वरनं भुरभुर पाऊस. आठवड्यापूर्वी लावलेली पोस्टरं निम्मी फाटून लोंबत होती, म्हणून नीलिमा नवी घेऊन वस्तीभर फिरत होती. बेकरीच्या दारावर एक, सुपरमार्केटच्या फळ्यावर एक. मजकूर साधाच: 'विद्यापीठ तुमच्या गल्लीत. संध्याकाळी सहा वाजता. सगळ्यांना खुलं.'

नीलिमा मूळची इस्लामपूरची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तिनं पुण्यात इतिहास केला, सुदर्शनशी लग्न केलं, त्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपाठोपाठ इथं आली आणि विद्यापीठात पीएचडीला लागली. विषय असा की, विसाव्या शतकाच्या मध्याला विद्यापीठं समाजाच्या काय कामाची होती. तिकडं महाराष्ट्रात नवी विद्यापीठं निघत होती, इकडं हॉलंड दुसऱ्या महायुद्धातनं उठून बसत होतं. दोन्हीकडं प्राध्यापक वर्गाबाहेर येऊन चार लोकांत बोलत होते. हे वाचता वाचता तिच्या डोक्यात भुंगा शिरला, की नुसतं लिहायचं कशाला, करून बघू की.

विभागातल्या लोकांनी मान डोलावली, पण जपून. वस्तीतली माणसं पहिल्या व्याख्यानाला आली तर वर्षभर मालिका चालवू. नाही आली तर हा प्रयोग इथंच थांबवून मुकाट्यानं प्रबंध पुरा करायचा.

दुपारी वडिलांचा फोन आला.

"पोरी, भाषण हाय म्हणं आज?"

"हो आण्णा. सहाला."

"कोण येणार ऐकायला? गोरं लोक?"

"येतील की. तुमचे आजोबा नव्हते का जात तालमीत, प्राध्यापक यायचे तेव्हा?"

"अगं, त्यांचं न्यारं हुतं. भाकरी खाऊन, तंबाखू मळत बसायचं. झोप आली तर तिथंच आडवं. परीक्षा न्हाई, काय न्हाई. पर जमिनीला मीठ का फुटतं ते म्हातारा तिथंच शिकला." आण्णा हसले. "तू लई विंग्रजी फाडू नगंस म्हंजे झालं."

"डचमध्ये बोलणार आहे."

"मग तर बगायलाच नको."

सहाला दहा कमी असताना वस्तीच्या समाजगृहात खुर्च्या मांडून झाल्या. सहा वाजले. सव्वासहा झाले. सुदर्शन पुढच्या रांगेत पाय पसरून बसला होता.

"सुरू कर. मी आलोय ना."

"तू गप रे."

"पुण्यात असतीस तर एव्हाना पहिल्या रांगेतल्या आजोबांनी 'आवाज येत नाही' म्हणून ओरडा केला असता."

नीलिमाला हसू आलं नाही. तिनं बाहेर डोकावलं. गल्ली चिडीचूप, कुत्रंसुद्धा नाही. एवढ्यात समाजगृहाच्या किल्ल्या सांभाळणारी हेनी आली. सत्तरी ओलांडलेली, उंच, पायात बागेतले बूट. रिकाम्या खुर्च्यांकडं बघून तिनं विचारलं, "कुणाची वाट बघतेयस?"

"लोकांची. सहाची वेळ दिली होती."

"सहाची?" हेनी तिच्याकडं बघतच राहिली. "अगं, सहाला सगळे बटाटे खात असतात. राजानं बोलावलं तरी या गल्लीतलं कुणी सहाला ताटावरून उठायचं नाही. मला वाटलं तुम्ही सहाला खुर्च्या लावणार असाल."

नीलिमानं कपाळावर हात मारला. चार वर्षं इथं राहून हे कळू नये? पण कळणार कसं? दिवस विद्यापीठात जायचा, आणि घरी जेवण नऊला. पुण्यातल्या व्याख्यानमाला सहाला सुरू होतात म्हणून हात आपोआप सहा लिहून गेला. प्रबंधात मात्र तिनंच पान भरून लिहिलं होतं, की त्या काळची माणसं यायची ती व्याख्यान गावाची जेवणं उरकल्यावर ठेवलं जायचं म्हणून.

"आत्ता दारोदार जाऊन सांगू?" सुदर्शननं विचारलं.

"जेवताना बेल वाजवलीत तर वर्षभर कुणी ओळख दाखवायचं नाही," हेनी म्हणाली. "सातनंतर जा. साडेसातची वेळ सांगा. आणि कॉफी आधी द्या. आमच्यात कॉफीशिवाय काही सुरू होत नाही."

"आमच्यात चहा शेवटी," नीलिमा म्हणाली. "नाहीतर लोक मधूनच उठून जातात."

"आमचे नाही उठायचे. कॉफी प्यायलो म्हणजे बसणं आलं."

सातनंतर नीलिमानं गल्लीची एक बाजू धरली, सुदर्शननं दुसरी. कुणी खांद्यावर भांडी पुसायचं फडकं टाकून दार उघडलं, कुणी तोंडातला घास गिळत. ती मोडक्या डचमध्ये एकच सांगत होती: वेळ माझी चुकली, साडेसातला या.

खोली भरली नाही. निम्म्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. पण निम्म्यांवर माणसं होती आणि सगळी या गल्लीतली. नीलिमानं कागद बाजूला ठेवला. लढाईनंतर इथल्या प्राध्यापकांना एक प्रश्न कसा छळत होता ते तिनं सांगितलं, की एवढी शिकलेली माणसं असून असला संहार आपल्या देशांत झालाच कसा. म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी व्याख्यानं ठेवली. मग तिनं आपल्या पणज्याची तालीम सांगितली, मीठ फुटलेली जमीन सांगितली. मागचा एक ट्रकचालक तेव्हा पुढं वाकून बसला.

शेवटी त्यानंच हात वर केला. "याची परीक्षा असते का?"

"नाही."

"प्रमाणपत्र?"

"तेही नाही."

"मग विद्यापीठाला यातून मिळतं काय?"

"तुम्ही आत्ता विचारलात तो प्रश्न मिळतो. आमच्या इमारतीत तो कुणी विचारत नाही."

माणूस हसला, शेजारणीकडं वळून काहीतरी बोलला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी बायकोला आणतो. ती माझ्यापेक्षा जास्त भांडते. जमिनीवरच बोला पण. आमच्या बागेतली माती बिघडलीय."

"त्यातलं मला कळत नाही. विद्यापीठात मातीचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना घेऊन येते."

"साडेसातला?"

"साडेसातला. कॉफी आधी."

माणसं पांगली. इथल्या उन्हाळ्यात सूर्य रात्री दहाला मावळतो, त्यामुळं बाहेर अजून लख्ख उजेड होता. सुदर्शन म्हणाला, "काय कळवणार विभागाला? निम्मी खोली म्हणजे हो की नाही?"

"पुढच्या व्याख्यानाचा विषय कळवणार," नीलिमा म्हणाली. "तो लोकांनी दिलाय. यावर नाही म्हणून दाखवावं त्यांनी."

हेनीनं खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या. नीलिमानं बाह्या वर सारल्या, मोरीतला नळ सोडला आणि कॉफीचे कप विसळायला लागली.