बेंबळीचा निळा नमुना

उस्मानाबाद जिल्ह्यात लघवीबद्दल आमच्या दाजींइतक्या अभिमानानं बोलणारा माणूस झाला नाही, आणि पुढं कधी होईल असं मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. गावातली निम्मी माणसं ते नावानं ओळखतच नसत, रस्त्यात कुणी नमस्कार केला आणि मी "हे कोण?" विचारलं, की "साखरवाले" किंवा "मुतखडेवाले" एवढंच उत्तर यायचं. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्यानं पुन्हा जिलबी मागितली, की दाजी त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, "उद्या सकाळी बाटली घेऊन या." बाटलीवरून तर त्यांची रोज भांडणं. कुणी खोबरेल तेलाच्या बाटलीत नमुना आणायचा, कुणी खोकल्याच्या औषधाच्या. परंड्याचा एक पैलवान चांगला तांब्याभर घेऊन आला, तेव्हा दाजींनी त्याला स्वच्छतेवर लांबलचक व्याख्यान दिलं आणि शेवटी चहा पाजून परत पाठवला.

त्यांच्या कपाटात काचेच्या बुचाची एक बाटली असायची. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आत जळजळीत आम्लांचं पिवळसर पाणी. मन उदास राहणाऱ्यांना डॉक्टर एक गोळी देतात. ती पोटात गेली असेल, तर लघवीच्या चार थेंबांत हे पाणी घातलं की हिरवा-निळा रंग उमटतो. आमच्याकडं ही तपासणी कुणी मागत नसे, तरी दाजी ते पाणी पुन्हा पुन्हा ताजं करून ठेवायचे. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "लागतं. माणूस खोटं बोलंल, रंग खोटं बोलत न्हाय."

आणि लागलंच. बेंबळीच्या दूध सोसायटीत दूध तपासायला एक अण्णा होते. दुधात पाणी घालणाऱ्यांना त्यांचा मोठा धाक. दुष्काळात गावची जनावरं चारा छावणीला गेली, काही तिथंच मेली, सोसायटीच्या दूध केंद्राला कुलूप लागलं. पुढं पाऊस झाला, केंद्र उघडलं, पण अण्णा काही उघडले नाहीत. बोलणं नाही, धड जेवण नाही, उठून विहिरीच्या काठाला जाऊन बसायचं. घाबरून बायकोनं त्यांना सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या, आणि अण्णा त्या घेतात की नाही हे कळावं म्हणून दर पंधरवड्याला दाजींकडं तपासणी लावून दिली.

पहिल्या नमुन्याला रंगच आला नाही. दाजींनी अण्णांना फैलावर घेतलं. पुढच्या खेपेला मात्र असा गडद निळा उतरला, की दाजी ती नळी हातात धरून भर बाजारातून माझ्या कचेरीत आले. "बघा, अंग कसं औषध धरतंय!" त्यानंतर प्रत्येक नमुना निळा. दाजींच्या चालण्यात ऐट आली.

मग एका दुपारी अण्णांची बायको लॅबच्या पायरीवर येऊन बसली. मी तिथंच होतो. "सायेब, तुमी बरं हाय म्हणता, पर मानूस बरा न्हाय. गोळी तोंडात घालीतच न्हाईत. तुमच्याकडं यायच्या दिशी बाटलीत टाकत्यात."

दाजींनी तडक लॅब बंद केली, मला बरोबर घेतलं आणि मिळाली ती एसटी धरून आम्ही बेंबळीला पोचलो. केंद्रावर दूध घालायला माणसं किटल्या घेऊन उभी होती आणि अण्णा कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. आता दाजी गाव डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण ते एका पालथ्या कॅनवर शांत बसले.

"अण्णा, दुधात पाणी घालणाऱ्याला धरता, अन् माझ्या बाटलीत गोळी घालता व्हय?"

अण्णांनी मान वर केली नाही. "रंग पायजे व्हता ना तुमाला?"

"पर गोळी का खात न्हाय?"

"येड्याची गोळी हाय ती. गाव काय म्हनंल?"

दाजी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी खाल्लीय ती गोळी. आमचा पोरगा, सुहास, तापात गेला, तवा. लॅबला कुलूप लावून बसलो व्हतो. मग रोज सकाळी माझीच लघवी तपासायचो, गोळी चुकवली तर मला कळावं म्हणून. आता सांगा, मी येडा दिसतो?"

मग रांगेतला एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "तसं थोडं दिसता." सगळे हसले. अण्णांच्याही ओठाचा कोपरा हलला. त्यांनी सकाळी न खाता खिशात टाकलेली गोळी काढली आणि तिथंच, सगळ्यांदेखत, दुधाच्या घोटाबरोबर गिळली.

पुढं कितीतरी महिने दाजी बेंबळीला जात राहिले. नमुने निळ्याऐवजी साधे हिरवट येऊ लागले; गोळी पोटातून गेली की रंग फिकाच उतरतो, म्हणून दाजी त्यावरच खूष होते. अण्णा हळूहळू सावरले. पाणी घातलेल्या दुधावरून ते पुन्हा तावातावानं भांडायला लागले, तेव्हा त्यांच्या बायकोनं लॅबवर पेढे आणून दिले.

पण मला आठवते ती बेंबळीहून परतलो त्या पहिल्या दिवशीची संध्याकाळ. सुहास गेल्यावर दाजी लॅब बंद ठेवून बसले होते, तेव्हा ते ट्रेनिंगला गेलेत असं अक्कानं आम्हा माहेरच्यांना सांगितलं होतं. त्या घरात सुहासचं नाव कुणी काढत नसे. ताटावर बसल्यावर दाजी खालमानेनं म्हणाले, "आज सुहासचं नाव घेतलं. चारचौघांत."

अक्काचा भाकरी थापणारा हात थांबला. तिनं तवा खाली उतरवला, पाट ओढून ती त्यांच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काय काय सांगितलंत? मला पण सांगा."

मी हात धुवायला म्हणून अंगणात गेलो आणि तिथंच थांबलो. आतून दाजींचा आवाज येत होता, पण इतका हळू, की त्यातला एकही शब्द माझ्यापर्यंत पोचला नाही.