कंपनीतले मासे आणि मावशीची विहीर

आमच्या धंद्यात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. नुसतं कंपनीच्या गेटात शिरा, वॉचमनपासूनच सुरुवात होते! मी क्रांती चौकाजवळच्या एका खासगी लॅबमध्ये आहे. कंपन्यांच्या सांडपाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे, रिपोर्ट द्यायचा. या कामानं मी इतकी संशयी झालेय की लग्नात मठ्ठा दिला तरी आधी वास घेते.

त्यातली एक कंपनी तर माझ्या डोक्यातच गेलीय. तिच्या मागनं नाला वाहतो आणि नाल्याकाठी आमच्या मिलिंदच्या मावशीचं गाव. मिलिंद आमच्याकडं नमुने घेतो. मावशीच्या विहिरीचं पाणी तांबडं झालंय, प्यायला टँकर. गावानं प्रदूषण मंडळाकडं तक्रार केली, तर कंपनी म्हणते, "आमचा काय संबंध?" संबंध सिद्ध झाला तर विहीर साफ करून देणं कंपनीच्या गळ्यात. नाहीतर मावशी आहे आणि टँकरची रांग आहे.

*

आमच्या लॅबचे सर मूळचे अर्थशास्त्राचे. नवीन माणूस आला की लेक्चर ठरलेलं. "जो घाण करील, तो भरील! सगळ्याचा पाया आहे हा."

मिलिंदनं विचारलं, "सर, आपल्या तपासणीचं बिल कोण भरतं?"

"कंपनीच की."

"म्हंजे ज्याची घाण, त्याच्याच खिशातनं आपला पगार?"

सरांनी चहा मागवला. लेक्चर तिथंच संपलं.

*

सांडपाणी शुद्ध होऊन बाहेर पडतं तिथं कंपन्या एक टाकी ठेवतात, तिच्यात मासे सोडतात. मासे जिवंत म्हणजे पाणी चांगलं, असा पुरावा! या कंपनीतले पांढरेशुभ्र मासे बघून आमचे ड्रायव्हर शकीलभाई कानाशी आले. "म्याडम, पिछली बार ये काले थे ना?"

मी मॅनेजरला विचारलं. तो गडी जरासुद्धा अडखळला नाही. म्हणाला, "आमच्या पाण्यानं रंग उजळतो, म्याडम!"

*

त्याच प्लँटवर पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर आहे. "चोवीस तास चालू असतो," मॅनेजर म्हणाला. मी झाकण उचललं तर आत चिमणीचं घरटं, त्यात अंडी!

"बघा म्याडम, निसर्ग कसा जपतो आम्ही!"

मी भडकलेच. "अहो, दंड बसेल ना!"

तर मला चहा पुढं करत म्हणतो कसा, "दंड कधीमधी येतो हो. वीजबिल दर महिन्याला येतं." हे मात्र त्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं पहिलं खरं वाक्य. चहा मी घेतला नाही.

*

आता मावशीचं ऐका. तक्रारीवर मंडळाचे एक साहेब पाहणीला आले होते. नाल्यावर बघतात तर बायाबापड्या मजेत गोधड्या धूत बसलेल्या, पाणी नितळ! साहेबांनी फोटो काढला आणि तक्रार निकालात.

पुन्हा तक्रार केली, पुन्हा पाहणी लागली. या वेळी आम्हीही नमुने घ्यायला सोबत. जाऊन बघतो तर नाला नितळ, आणि काठावर परत गोधड्या! सगळ्यात पुढं मावशी!

मिलिंदनं कपाळावर हात मारला. "अगं मावशे, आजच काढलंस व्हय धुणं? फोटो निघंल की! विहीर गेली आपली!"

"मंग कधी काढू?" मावशी करवादली. "सायब येणार असले की आदल्या दिसापासनं नाला निवळतोय. गेले की पुन्हा तांबडा. दुसऱ्या कोन्च्या पाण्यात धुऊ?"

मागून साहेब आलेच, मोबाइल हातात धरून. त्यांनी यातलं काही ऐकलं नव्हतं. "काय आजी, पाणी तर झकास आहे. मग तक्रार कशाची?"

मावशीनं गोधडी पिळून दगडावर टाकली, पदराला हात पुसले.

"जय भीम, सायब. तक्रार कायबी नाय. आमची एक खोली रिकामी हाय. भाडं नको, दोन टायमाची भाकरी मी घालते. तुमी इथंच ऱ्हायला या. तुमी आलात की नाला निवळतोय. लई दिस राहिलात तर विहीरबी निवळंल."