भाषक क्रमांक तीन

मी हसलो होतो. ही गोष्ट मी आयुष्यभर लपवली. बाकीचे हसणारे केव्हाच विसरले असतील. मला ते साधलं नाही.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. पांढुर्ण्याच्या कॉलेजात मी मराठी शिकत होतो. आमच्या सरांचा इकडच्या बोलीवरचा लेख एका संशोधनपत्रिकेत छापून आला होता. मलपृष्ठाच्या आतल्या पाकिटात एक कॅसेट होती. लेखातल्या माणसांचे आवाज तिच्यात होते. सरांनी वर्गात टेपरेकॉर्डर आणला आणि कळ दाबली.

पहिल्याच शब्दाला मी ओळखलं. बाबा.

बाबा मोहगावचे. जमीन नव्हती. सौंसरकडच्या बागायतदारांकडे ते डोळे भरायचे, म्हणजे जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर देऊन तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचे. कापलेले डोळे सुकू नयेत म्हणून ओठांत धरून ठेवायचे. काम करताना ते बोलले की शब्द बोबडे यायचे. आमच्या घरात ते कोणाला नवल नव्हतं.

"जरा थांबा साहेब, तोंडातलं काढतो," टेपमधून आवाज आला.

"खर्रा थुक बे आधी!" मागच्या बाकावरून एक शेठचा मुलगा ओरडला. वर्गात हशा पिकला. सरही हसले. त्या तोंडात काय होतं ते सरांना ठाऊक होतं. बाबांसमोर बागेच्या धुऱ्यावर, बांधावर बसून त्यांनीच ते टेप केलं होतं. त्यांनी कॅसेट मागे नेली. तेवढंच वाक्य पुन्हा वाजवलं.

मग बाबा म्हणाले, "माहा पोरगा पांढुर्ण्याले कालेजात शिकून राहिला. नाई समजलं तं त्याले इचारा. तो सांगन बराबर."

"अरे वा! कोण हे चिरंजीव?" सर म्हणाले. "उठा, आम्हाला समजवा!"

मी उठलो नाही. मी हसलो. कोणाला संशय येऊ नये म्हणून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

चार दिवसांनी बाबा कॉलेजात आले. बागेच्या मालकाने त्यांना सांगितलं होतं की तुझा आवाज पुस्तकातून निघाला. धुतलेलं धोतर, हातात पिशवीभर संत्री. ग्रंथालयात सर बसले होते. मीही तिथेच होतो; मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"साहेब, माहा आवाज आयकाचा होता."

"ही पत्रिका संशोधकांसाठी असते. कॅसेट सभासदांनाच मिळते."

"पन आवाज तं माहाच हाये नं?"

"आवाज तुमचा. कॅसेट कॉलेजची."

बाबा बाहेर पडले. संत्री टेबलावरच राहिली. बसस्टँडवर मी त्यांना गाठलं, आत्ताच भेटल्यासारखा. ते म्हणाले, "तू तं आयकला असशीन. कसा येते रे माहा आवाज?"

"चांगला येते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटातली ती पत्रिका मागवून मी तो लेख उघडला. भाषक क्रमांक तीन. पुरुष. निरक्षर. नाव नव्हतं; सरांनी ते विचारलंच नव्हतं. त्या ओळीवर बोट ठेवून मी ठरवलं: या कपाटाची किल्ली माझ्याकडे येईल आणि एक दिवस सर माझ्यापुढे मागायला उभे राहतील. पुढे मी जे शिकलो ते ज्ञानासाठी नाही. सुडासाठी शिकलो.

किल्ली आली. मी त्याच कॉलेजात शिकवू लागलो. ग्रंथालयही माझ्याकडे आलं. तोवर कॅसेटला बुरशी लागली होती आणि बाबा गेले होते. आवाज न ऐकताच गेले. पुढे पत्रिकेने जुने आवाज ऑनलाइन केले. ते उघडायला संस्थेचा पासवर्ड लागतो.

मागच्या वर्षी सर आले. काठी टेकत. निवृत्ताला खातं नसतं.

"माझंच काम आहे रे. एकदा ऐकायचं होतं."

"काम तुमचं, सर. पासवर्ड कॉलेजचा."

त्यांना काही आठवलं नाही. मी त्यांना तसंच परत पाठवलं. खोटं कशाला बोलू? इतकं गोड मी कधी काही चाखलं नव्हतं. पण घरी पोहोचेपर्यंत ती चव उतरली. त्या वर्गात सर एकटेच हसले नव्हते.

आठवड्याने मी त्यांना बोलावलं. तोच वर्ग. त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि विद्यार्थ्यांना म्हणालो, "आधी नाव. श्रावण, राहणार मोहगाव, डोळे भरणारे कसबी. हे नाव घेतल्याशिवाय हा आवाज या कॉलेजात पुन्हा वाजणार नाही. पत्रिकेलाही मी लिहिलं आहे. नाव लागेपर्यंत लिहीत राहीन."

सरांनी मान खाली घातली. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.

एका विद्यार्थिनीला आवाज सुरू करायला सांगून मी माझ्या जुन्या बाकावर जाऊन बसलो. बाबा बोलू लागले. कोणी हसलं नाही. "नाई समजलं तं त्याले इचारा," ते म्हणाले. मी हात वर केला. तिने आवाज थांबवला.

या वेळी मी उठलो.

"तो पोरगा मी व्हय, बाबा. तुमच्या तोंडात काय होतं, मले मालूम होतं. तरी मी हसलो. सगळ्याईपेक्षा जास्त हसलो. माहं चुकलं, बाबा."