दानम्माच्या दारातलं पायधुणं

उदगीरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत दानम्माची कडक भाकरी जेवढी नावाजलेली, तेवढंच तिचं तोंड. भाकरी मोडायला दात लागतात आणि दानम्माशी बोलायला छाती, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि तरी तिच्याच दारात उभी राहायची. अशी ही बाई वर्षातून एकदा, नवऱ्याच्या पुण्यतिथीला, दारी येईल त्याचा पाय मांडीवर घ्यायची, धुवायची आणि तळवा उजेडाकडे वळवून डोळ्यांत तेल घालून बघायची.

तिचा नवरा विरूपाक्ष मोंढ्यात मापाडी होता. धान्याच्या राशीवर चप्पल घालून चढायचं नाही, हा त्याचा नेम, त्यामुळे सारा जन्म अनवाणीच गेला. एक दिवस टाचेवर काळा ठिपका दिसला. काटा मोडला असेल, असं जो तो म्हणाला. आपल्याकडे मोडलेल्या काट्यावर इलाज एकच, तापलेल्या बिब्ब्याचा चटका. आणि त्या गल्लीत बिब्बा घालावा तर विरूपाक्षच्या थोरल्या भावानं, किराणा दुकानवाल्या संगप्पानं. त्यानं भावाला मोठ्या मायेनं तीनदा बिब्बा घातला. बिब्ब्याचा डाग काळाच असतो, म्हणून त्याच्याखाली दुसरा काळा डाग पसरतोय हे कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. पुढं जखम झाली, जांघेत गाठ आली, तेव्हा कुठं लातूर गाठलं. डॉक्टरांनी मेलॅनोमा म्हणून सांगितलं. कातडीचाच कॅन्सर, पण आत शिरलेला. सुरुवातीला आला असतात तर एवढासा तुकडा काढून भागलं असतं, असंही ते म्हणाले. हे वाक्य दानम्माच्या काळजात रुतलं ते रुतलंच. दीड वर्षात विरूपाक्ष गेला.

पहिल्या पुण्यतिथीला लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे गुरू म्हणून आलेल्या जंगमस्वामींचे पाय धुताना तिच्या मनात आलं, पाय धुता धुता तळवाही बघता येतो, मग एकाचाच का? स्वामींची पूजा आटोपली तसं तिनं पाटावर एका हमालाला बसवलं. मग दुसऱ्याला, मग शेजाऱ्यांना. बाईचं डोकं फिरलं, अशी कुजबुज झाली. तिनं सरळ सांगितलं की तुमचा मापाडी पायानं गेला, त्याची आठवण काढायची असेल तर पाय पुढं करा, नाहीतर जेवायला बसू नका. स्वामी हसले आणि म्हणाले, बाई बरोबर बोलतेय. मग एकेक जण पाय पुढं करू लागला. दरसाल भेगा निघाल्या, कुरूपं निघाली, दोघांच्या साखरेच्या जखमा निघाल्या आणि त्यांना तिनं शिव्या देत दवाखान्यात धाडलं. तो काळा ठिपका मात्र कुणाच्या पायावर आला नाही.

संगप्पा दरसाल यायचा. बूट दारात काढायचा, पण मोजे घालूनच ओट्यावर बसायचा आणि पाटाकडे फिरकायचा नाही. भावजयीकडून पाय कसे धुवून घेणार, म्हणून लोक समजून घेत. दानम्माला खरं कारण ठाऊक होतं. विरूपाक्ष गेल्यापासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता, आणि तिलाही ती नको होती.

पाचव्या वर्षी ओट्याची पायरी चढताना त्यानं उजवा पाय जरा वाकडा टाकला. बाकी कुणाला दिसलं नसतं. दानम्मानं तांब्या खाली ठेवला, सरळ जाऊन त्याच्यापुढं बसली आणि मोज्याला हात घातला. त्यानं पाय मागं ओढला.

"बघू नको," संगप्पा हळूच म्हणाला. "मला ठाऊक हाय काय हाय ते. विरूला मी मारलं माझ्या हातानं. आता माझ्या पायाला आलंय, ते बरोबरच झालं. ऱ्हाऊ दे."

एवढ्या वर्षांचा राग दानम्माच्या तोंडाशी आला आणि तिथंच विरघळला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"भावजी, बिब्ब्यानं कॅन्सर होत न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टरनं तवाच मला सांगितलं होतं. बिब्ब्यानं तो फकस्त झाकला. मला ठाऊक होतं आन् मी तुमाला बोलले न्हाई. तुमी जळत ऱ्हावं असं वाटत होतं मला. ती चूक माझी. पन आता तुमी मरायचं न्हाई. सकाळच्या गाडीनं लातूरला जायचं."

संगप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाय मात्र त्यानं पुन्हा ओढला नाही. करंगळीच्या बुडाशी तुरीच्या डाळीएवढा काळा ठिपका होता, कडा वेड्यावाकड्या.

लातूरला तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंत दानम्माच्या भाकऱ्या करपत होत्या आणि गिऱ्हाइकं मुकाट्यानं नेत होती. रोग तोच निघाला. पण या खेपेला तो वरच्यावरच होता, आत उतरला नव्हता. करंगळी काढली, जांघेतही काही सापडलं नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला या, एवढंच डॉक्टरांनी बजावलं. ते ऐकून दवाखान्याच्या पायऱ्यांवर दानम्मा ढसाढसा रडली. नवरा गेला तेव्हाही ती चारचौघांत अशी रडली नव्हती.

यंदाच्या पुण्यतिथीला संगप्पा उघड्या चपला घालून, गल्लीतून सगळ्यांना दिसेल असा चालत आला. चपला दारात काढल्या, बाह्या सारल्या, आणि दानम्माच्या हातातून तांब्या घेऊन स्वतःच पाटापुढं बसला. पहिला नंबर दयानंद हमालाचा. तो बिचारा अवघडून गेला. आप्पा, तुम्ही माझ्या पायाला हात लावू नका, म्हणून आर्जवं करू लागला.

"ठेव पाय," संगप्पानं दटावलं. "माझ्या भावाची आठवण हाय ही."

दयानंदनं पाय ठेवला. संगप्पानं तो धुतला, बोटांच्या फटी बघितल्या, नखं बघितली, तळवा उजेडाला धरला आणि दानम्माकडे पाहिलं. तिनं खाली वाकून पुन्हा एकदा बघितलं आणि मान हलवली. पाय स्वच्छ होता. दयानंदची नजर तेवढ्यात संगप्पाच्या उजव्या पायाच्या चार बोटांवर गेली. त्यानं भीत भीत विचारलं, दुखतं का?

"न्हाई रे," संगप्पा पुढच्या माणसाला खुणावत म्हणाला. "करंगळी लातूरलाच ऱ्हायली. बाकीचा मी दानम्मानं परत आनला."