लोसाने शाळेचे बूट काढले

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावात, उतारावरच्या शाळेच्या ऑफिसात लोसा बावीस वर्षं बसत होती. गुडघ्यांना पट्ट्या बांधायच्या, हरवलेले डबे शोधायचे, चष्मा डोक्यावरच आहे हे मुख्याध्यापकांना सांगायचं, सगळं तिच्याकडे. तिचं डोकं फिरायचं ते फक्त पालकांच्या फोननं. "तुमच्या शाळेचा आकडा किती?" आकडा सरकारने दिलेला: एक म्हणजे मुलं गरिबाघरची, दहा म्हणजे श्रीमंतांची. जादा मदत कुणाला द्यायची, एवढ्याचसाठी तो होता. पण लोक त्याला शिकवण्याचे मार्क समजत. लोसा "एक" म्हणाली, की फोन ठेवलाच म्हणून समजा.

यंदा पटावर एक मूल कमी पडत होतं. शुक्रवारच्या मोजणीपर्यंत ते मिळालं नाही, तर छोट्यांच्या वर्गावरच्या नायरीबाईंची नोकरी जाणार होती. लोसाच्या अडखळत बोलणाऱ्या नातीला याच बाईंनी घडाघडा वाचायला शिकवलं होतं. लोसाला जेवण जाईना.

अशात टेकडीवरच्या फिलिपाबाई, मुलाला घेऊन गुरुवारी शाळा बघायला येते म्हणाल्या. लोसाच्या अंगात आलं. मागे एकदा नेटबॉलची टीम घेऊन ती टेकडीवरच्या दहा आकड्याच्या शाळेत गेली होती. तिथली पोरं सरसकट अनवाणी! चिखलात, झाडावर, ऑफिसातसुद्धा. आणि इथल्या आया चर्चमधून आल्या की मुलांच्या बुटांना अशी पॉलिश करत, की त्यात बघून भांग पाडावा. गुरुवारी सकाळी लोसा मैदानात उभी राहिली.

"बूट काढा रे सगळ्यांनी!"

"मावशी, आई मारेल," छोटा लेमेकी रडकुंडीला आला.

"तिला माझं नाव सांग. आज आपण श्रीमंत आहोत."

फिलिपाबाई आल्या, दोनशे उघडे पाय बघून त्यांचे डोळे भरले, आणि त्या घाईघाईने निघून गेल्या. बाई भारावल्या, असं लोसाने ठरवून टाकलं. फॉर्मसुद्धा काढून ठेवला.

शुक्रवारी बाई मुलाला आणि जुन्या बुटांची तीन पोती घेऊन परत आल्या. "बिचारी लेकरं! थंडीत अनवाणी!"

लोसाचा चेहरा पडला. मग तिने बाईंच्या मुलाकडे पाहिलं. "अहो, तुमचा ह्यूगोसुद्धा अनवाणीच आहे की!"

"त्याला आवडतं तसं."

"मग आमची पोरं पैसे नाहीत म्हणून अनवाणी आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

लोसाने सगळी चूक कबूल केली, तेव्हा बाई पोत्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. उठून बघतात तर ह्यूगो जागेवर नाही. तो नायरीबाईंच्या वर्गात मांडी घालून गोष्ट ऐकत होता.

"ह्यूगो, चल."

"थांब गं! शार्कने अजून मास्तरांना गिळलं नाहीये!"

बाई दारातच थांबल्या. मास्तर गिळून झाले, शार्कला ढेकर आला, चाळीस पोरं लोळून हसली, आणि त्यात बाईही हसल्या. मग त्यांनी ऑफिसात येऊन, आकडा न विचारता, फॉर्मवर सही केली.

"आणि ही पोती?" त्यांनी विचारलं.

"टेकडीवरच्या शाळेला द्या," लोसा म्हणाली. "तिथं एकाच्याही पायात काही नसतं हो."