सारख्या चुकीचे चार पाय

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच समजलं नाही. शाळा चौथीत सुटली. ही वही कोणाच्या हाती लागली तर तेवढं माफ करावं.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, म्हणून आम्हा सुतारांकडेही कोणी येत नव्हतं. जुन्या वखराला खिळा मारून लोक भागवत. अशात दारव्ह्याच्या एका वसतिगृहाने जेवणाचे तीस बाक सांगितले. बाकांच्या सांध्यांची एवढी भोकं ह्यांना एकट्याने हाताने, पटाशी ठोकून पाडणं जमणार नव्हतं. भोकं पाडायची राऊटर मशीन घ्यायला मी आमच्या बचत गटातून पैसे उचलले. गटात मी कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं, तर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अव माय! हिले बोलता येते!" सगळ्या हसल्या. मग त्या म्हणाल्या, "मिरगाच्या पेरणीआधी परत पाह्यजेत बाई. बियाण्याचे पैसे हायेत आमचे."

ह्यांनी लाकडाचा फर्मा, म्हणजे साचा, केला. बाकाच्या पायाचा तळ त्यात टोकाच्या ठोकळ्याला टेकवून पाय आवळायचा आणि वरून मशीन फिरवायची. प्रत्येक पायात दोन भोकं, नेमकी त्याच जागी. आडव्या पट्ट्यांना कुसू, म्हणजे त्या भोकात बसणारी जीभ, ते स्वतः काढत. भोकं माझ्याकडे होती.

"पाय काढला का फर्म्यात फुंकर मारजो," त्यांनी सांगितलं होतं. "भुसा राह्यला तं पाय टेकत नाही."

लाइट दुपारी थोडा वेळच यायची. खांदे भरून आलेले, डोळ्यांत भुसा. लाइट जायच्या आत जास्त पाय व्हावेत म्हणून मी फुंकर मारणं सोडून दिलं.

ह्यांनी पहिला बाक जोडला, तो डुलला. दुसराही डुलला.

"फुंकर मारली होती ना वं?"

मी फर्म्याच्या कोपऱ्यातला भुसा बोटाने काढून दाखवला.

"पटाशी चुकली तं एक पाय जाते. तू तं ढीगच नेला."

एवढं बोलून ते उंबऱ्यावर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दुसरं लाकूड आणायला पैसे नव्हते आणि मिरग जवळ आला होता.

मी पाय एकाला एक लावून पाहिले. तळ जुळवला की कोणाची भोकं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली, कोणाची दोन. पण एका पायातली दोन्ही भोकं सारखीच सरकलेली. वेचलेल्या कापसातून डागी वेगळा काढतो, तसे मी ढीग लावत बसले. त्यात दोन दिवस गेले.

"अवो," मी म्हटलं, "सारखे चुकलेले चार एकाच बाकाले लावले तं?"

त्यांनी ढिगातले दोन पाय एकमेकांना लावून पाहिले. मग उठले, चार पाय ठोकले, पट्टीच्या वर निघालेलं पायांचं लाकूड कापलं. बाक डुलला नाही. थोडा बुटका झाला, एवढंच.

"बोलत जाय वं कधी," ते म्हणाले.

बाक पोहोचवताना त्यांनी वसतिगृहाच्या माणसाला खरं ते सांगितलं. तो दोन-चार बाकांवर बसून पाहून म्हणाला, "पोट्टे जेवायले बसतीन, बाक मापायले नाही." पैशांसाठी मात्र त्याने तीन चकरा मारायला लावल्या.

मिरगाला चार दिवस होते. मी गटात जाऊन पैसे पुढे ठेवले. अध्यक्षीणबाईंनी दोनदा मोजले आणि तिथेच तिघींना बियाण्यासाठी वाटून दिले. मग गटाच्या वहीत माझ्या नावापुढे रेघ ओढली. म्हणाल्या, "फिटले बाई तुहे सारे."