अण्णांच्या घराचा हिरवा ठिपका

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बाळकुमच्या ऑफिसात मी चक्क खूश झालो होतो. आता ते सांगायची लाज वाटते... पण लिहितो.

माझं काम नेटवर्क सांभाळण्याचं. कंपनीची ऑफिसं, गोदामं राज्यभर पसरलेली आहेत. कुठलं यंत्र सुरू आहे, कुठलं बंद, ते एका मोठ्या स्क्रीनवर दिसतं. सुरू असेल तर हिरवा ठिपका. बंद पडलं की लाल, आणि माझ्या मोबाइलवर अलार्म.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे. जगभरातली माणसं आपापल्या वेळात ते लिहितात, दुरुस्त करतात आणि कुणालाही वापरू देतात. गावच्या शाळेत शिकलेल्या मला ते सार्वजनिक विहिरीसारखं वाटतं... ज्याला हवं त्याने पाणी भरावं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक यंत्रामागे पैसे लागतात. इथे एक ठिपका जास्त लावला तर कुणाचं काही जात नाही. म्हणून साहेबांना विचारून मी लांज्याजवळचं आमचं घरही त्यात घातलं.

आई गेल्यापासून तिथे अण्णा, म्हणजे माझे वडील, एकटेच होते. ऐकायला कमी येतं, आणि मोबाइल कायम कुठल्यातरी कोनाड्यात. घरात मी इंटरनेटचा राउटर बसवला होता, तो माझ्या स्क्रीनवर ठिपका होऊन आला. शेकडो ठिपक्यांत एका कोपऱ्यात, ‘अण्णा’ नावाचा.

पहिल्याच आठवड्यात अलार्म सुरू झाले. रोज दिवेलागणीला ठिपका लाल. अण्णा देवळात दिवा लावायला निघाले की घराचा मेन स्विच बंद करून जायचे आणि परत आले की चालू करायचे. एकदा वीज पडून टीव्ही जळला, तेव्हापासूनची ही सवय.

“अण्णा, मेन बंद करू नका हो. इथे माझा मोबाइल बोंबलतो.”

“घरात माणूस नाही, तर वीज कशाला जागी ठेवायची? तुझ्या मोबाइलला सांग, म्हातारा देवळात गेलाय.”

सांगितलं मी मोबाइलला. एखादं यंत्र ठरावीक वेळी बंद होणार हे आधीच ठाऊक असेल, तर तेवढ्या वेळापुरता अलार्म गप्प ठेवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे अण्णांची देवळाची वेळ भरून टाकली. मग रोज संध्याकाळी ठिपका गुपचूप लाल व्हायचा आणि थोड्या वेळाने हिरवा. लाल झाला की मी खुर्चीतूनच मनोमन हात जोडायचो.

त्या संध्याकाळी शेजारच्या टेबलावरचा म्हात्रे म्हणाला, “काय भाऊ, आज बोर्ड एकदम हिरवागार. पार्टी पाहिजे.” मी मान वर करून पाहिलं. दिवेलागण झाली होती, अण्णा देवळात असायची वेळ, आणि त्यांचा ठिपकाही हिरवाच.

“आमच्या म्हाताऱ्याने शेवटी ऐकलं बघ,” मी म्हटलं. “आज मेन बंद नाही केला.”

“बापाला वळण लावलंस की रे,” म्हात्रे हसला. मीही हसलो. ठाकुर्लीला घरी आलो, जेवलो, झोपलो.

सकाळी गावाहून शेजारच्या सुमनवहिनींचा फोन आला. त्या आदल्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर अण्णा पडवीत पडलेले. खांद्यावर धुतलेलं उपरणं, हाताशी सांडलेलं दिव्याचं तेल. देवळातच निघाले होते... मेन स्विचपर्यंत पोचलेच नाहीत. रात्रभर तसेच होते.

वहिनी रडत होत्या, आणि रागावल्याही होत्या. “तुला तिथून घर दिसतं म्हणून अण्णा गावभर सांगायचे. मग काल काय दिसलं रे तुला?”

मी तसाच गावी निघालो आणि अण्णांना इकडे घेऊन आलो.

पक्षाघात. कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, लगेच उपचार मिळाले असते तर बरंच काही वाचलं असतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आता अण्णा ठाकुर्लीत आमच्या घरी आहेत, आणि पुढे फार सुधारणा होईल असं कुणी म्हणत नाही.

यंत्र बंद पडलं की ओरडायचं, एवढंच मी त्या सॉफ्टवेअरला शिकवलं होतं. अण्णा रोज आपल्या पायांनी उठून, आपल्या हाताने घर बंद करत होते, ही त्यांच्या बरं असण्याची खूण होती. ती त्या दिवशी आलीच नाही... आणि मी ते पाहून हसलो. सकाळी देवासमोर बसतो, पण काही मागायला तोंड उघडत नाही.

ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची एक चर्चेची जागा आहे. तिथे मी विचारलं, रोज बंद होणारं यंत्र एखाद्या दिवशी बंद झालंच नाही, तर अलार्म देता येईल का? एकाने विचारलं, असं कुणाला कशाला हवं असेल? दुसऱ्या कुणीतरी, कुठल्या देशातलं ते मला ठाऊक नाही, त्याच दिवशी प्रोग्रामच्या चार ओळी लिहून दिल्या. चालवून पाहिल्या. बरोबर चालतात. म्हात्रे हळूच म्हणाला, “भाऊ, गावचं घर तर आता बंद आहे...” मी म्हटलं, राहू दे, कुणाला तरी लागतील.

हल्ली दुपारी ऑफिसातून घरी फोन करतो. बायको फोन अण्णांच्या कानाशी धरते. मी मोठ्याने काहीबाही बोलतो, डबा काय होता, पाऊस आहे की नाही... पलीकडून फक्त श्वास ऐकू येतो. फोन ठेवताना देवाला एवढंच म्हणतो, आजचा ऐकवलास, उपकार झाले.